पी फॉर बुणे

मस्कतला नोकरीला आलो आणि पाटलाचा बातील झालो. अरबीत ‘प’ नाही, म्हणून इथला माणूस ‘ब’वर भागवतो. पेप्सीची बेबसी होते, पार्किंगचं बार्किंग. तेही चाललं असतं, पण अरबीत ‘बातिल’ म्हणजे रद्द. आपल्या ‘रद्दबातल’मधला बातल तो हाच. आमची वंशपरंपरागत पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. आडनाव तेवढं उरलं होतं.

एका कार्डासाठी फोनवर नाव सांगत होतो.

‘पाटील. पी.’

‘बी?’

‘पी! पी फॉर पुणे.’

‘हां हां, बी फॉर बुणे!’

कार्ड आलं. बातील.

मनाची समजूत घातली, की या मंडळींनी प्लेटोलासुद्धा सोडलं नाही. ‘प’चा ‘फ’ केला, सुरुवातीचं जोडाक्षर जिभेला जड म्हणून पुढे ‘अ’ लावला आणि त्याचा अफलातून करून टाकला. (हसू नका. आपल्याकडे इष्टॉपवर एष्टीची वाट बघतात.) पण प्लेटोला कुठे कार्ड काढायचं होतं?

शेवटी आमच्या ओमानी स्टोअरकीपरलाच शिकवायला घेतलं. युक्ती जुनीच: ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. इंग्रजी ‘पेन’ला ती हलते, ‘बेन’ला हलत नाही. त्याने बिलाची पट्टी धरली. ‘बेन!’ मिशी हलली, पट्टी नाही.

‘असं बघा,’ म्हणत मी पट्टी धरली. ‘पेन.’

पट्टी ढिम्म.

‘पेन!!’

तो पट्टीकडे बघत होता, मी छताकडे. आपल्या ‘प’त हवाच नसते हो! सगळी ‘फ’च्या वाट्याला गेलेली. इंग्रजांचा ‘प’ या दोघांच्या मधे कुठेतरी लटकलेला. वैतागून ‘फेन’ म्हटलं, तशी पट्टी उडाली ती थेट त्याच्या चहात.

‘बातील भाई,’ तो मायेने म्हणाला, ‘यू आल्सो बी.’

पण गडी जिद्दीचा. आठवडाभर पट्टी खिशात घेऊन फिरला आणि त्याला ‘प’ सापडला. इतका सापडला, की दिसेल त्या ‘ब’वर तो ‘प’ बसवू लागला. सोमवारी मोठे साहेब पाहणीला आले. हा पुढे झाला, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘वेलकम, पिग पॉस!’

स्टोअरमधला पंखा तेवढा ऐकू येत होता.

‘हे इंग्रजी कोणी शिकवलं?’ साहेबांनी विचारलं.

त्याने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं.

‘पातील भाई!’