‘बाहुलं’ नव्हे, कुणाचं तरी लेकरू : एका प्रतिक्रियेला उत्तर

आरपीजीमध्ये (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) नायक खेळणाऱ्यानं न घडवता आधीच ठरलेला असला तर त्याच्या भूमिकेत शिरणं सोपं जातं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया आली : ‘ठरलेला नायक म्हणजे दुसऱ्याचं बाहुलं नाचवणं. याला रोल-प्लेइंग म्हणणारे गेम खेळत नाहीत, नुसते बघतात. परभणीत बसून ज्ञान पाजळणं सोपं आहे.’

आधी माझी चूक. ‘मास इफेक्ट’ या गेमचा नायक शेपर्ड, त्याचं नाव बदलता येत नाही, असं मी लिहून गेलो. बदलता येत नाही ते आडनाव. पहिलं नाव खेळणाराच ठेवतो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण यात परभणी कुठून आली? मुद्दा खोडायचा तर खोडा, माणसाचं गाव कशाला काढता? नऊ वर्षं मी मराठीत गेमचे संवाद लिहितोय. ‘नुसते बघतात’ असं लिहिण्याआधी जुने दोन लेख तरी चाळायचे होते. अनोळखी माणसाशी समोरासमोर तुम्ही असं बोलला असतात का?

आता बाहुल्याकडे येतो. 2018 चा ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा गेम घ्या. त्याचा नायक हेन्री हा स्कालिट्झ गावच्या लोहाराचा पोरगा. त्याचा चेहरा बदलत नाही, बापही बदलत नाही. आणि त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की पानावर अक्षरांची सरमिसळ दिसते. उझित्स गावच्या लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं, आणि शिकल्यावरही सुरुवातीला बरेच शब्द विस्कटलेलेच राहतात. 1403 सालच्या बोहेमियातलं (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं) लोहाराचं पोर आहे हे पक्कं होतं, म्हणून ही अडचण गेममध्ये घालता आली. नायक सरदार, पंडित, भटक्या यांपैकी कुणीही होऊ शकला असता तर त्याला निरक्षर कोणत्या तोंडानं ठेवणार? ‘डिस्को एलिझियम’ या गेममध्येही नायक तोच एक पोलीस, त्याचा भूतकाळही तोच, पण त्याची 24 कौशल्यं त्याच्या डोक्यात आवाज बनून बोलतात, आणि त्यांपैकी कोणती वाढवता त्यावर कोण बोलणार ते ठरतं. दोघांनी खेळला तर दोन वेगळे पोलीस तयार होतात. बाहुलं असं वागतं का?

उलट बाजू मराठीत लिहून बघा, म्हणजे कळेल. म्हातारी ओट्यावर बसली आहे, नायक गावात शिरतो. आपल्या मराठवाड्यात पहिला प्रश्न हाच : ‘कुण्या गावचं? कुणाचं लेकरू तू?’ लेकरू नपुंसकलिंगी, त्यामुळे हे वाक्य मुलगा-मुलगी दोघांना चालून जातं. पुढच्याच वाक्याला गाडी अडते. ‘कधी आलास रे’ की ‘कधी आलीस गं’? ‘तुम्ही कधी आलात’ केलं तर लिंग झाकलं जातं, पण कोणती म्हातारी लेकराला अहो-जाहो करते? नायकाच्या तोंडी ‘मी आलो’ की ‘आले’, ‘बघतो’ की ‘बघते’? पळवाट आहे : ‘मी दार उघडलं’ किंवा ‘मी बघेन’ दोघांनाही चालतं, कारण पहिल्यात क्रियापद दारामागे जातं आणि दुसऱ्यात लिंगाचा प्रश्नच येत नाही. पण सगळा गेम अशा वाक्यांवर ओढला तर माणसं सरकारी नोटीस वाचल्यासारखी बोलू लागतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ‘आलो-आले’ची ही अडचण येत नाही.

आणि हे फक्त लिंगाचं झालं. लिंगाचे दोन पर्याय, पूर्वायुष्याचे तीन, आधीच्या एका निर्णयाचे दोन; म्हातारीच्या एका उत्तराच्या बारा आवृत्त्या. लिहिणारा थकतो, मग बारांच्या जागी सगळ्यांना लागू पडेल अशी एकच गुळमुळीत ओळ टाकतो. नायक आपल्या हातानं घडवायचा आणि गावातल्या कुणालाच तो कोण हे कळू नये, यात कसलं स्वातंत्र्य? तुम्ही मिरवता ते नायकाचं नाक लहान-मोठं करायचे स्लायडर इथे काही कामाचे नाहीत.

घडवता येणारा नायक वाईटच असतो, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. 2009 च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ या गेमनं नायकाला सहा वेगवेगळ्या सुरुवाती दिल्या, प्रत्येकीत खेळता येणारा स्वतंत्र प्रसंग. त्यांनी मेहनत घेतली, म्हणून ते जमलं.

मॉड्स (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल), ‘बाल्डर्स गेट 3’ हा गेम आणि ‘दुसऱ्यांदा खेळायला मजा नाही’ हे तुमचे बाकीचे मुद्दे आवडीनिवडीचे आहेत, त्यांत मी पडत नाही. त्यापेक्षा त्या म्हातारीचा सहा वाक्यांचा प्रसंग लिहून पाठवा. मुलगा-मुलगी दोघांना चालेल असा, अहो-जाहो न करता. जमला तर तुमच्या नावानिशी इथेच छापतो.