साडेदहाचा गणिताचा तास

आमच्या फ्रिजच्या दारावर एक वेळापत्रक आहे. चार रंगांत, पट्टीने आखून, वरून प्लॅस्टिक चढवलेलं. साडेआठ भाषा, साडेनऊ विज्ञान, साडेदहा गणित, साडेअकरा ‘हस्तकला अथवा बागकाम’. त्यातलं ‘अथवा’ मी खास विचार करून घातलंय. कागदात एखादं ‘अथवा’ असलं की खालच्या सहीला वजन येतं. सही माझीच, मुख्याध्यापक म्हणून. शिपाई, लिपिक, ग्रंथपाल आणि घंटा वाजवणारा ही पदंही माझ्याचकडे आहेत, पण त्यांना सहीचा अधिकार नाही.

हे वेळापत्रक एका सोमवारी साडेआठ वाजता अमलात आलं आणि आठ बेचाळीसला मोडीत निघालं.

कारण पेन्सिल. धाकटा पाच वर्षांचा आहे, आणि पाच वर्षांचा माणूस लिहायला बसला की आधी टोक करतो. टोक झालं की ते वहीवर दाबून बघतो. ते मोडतं. मग पुन्हा शार्पनर. त्याला टोकात रस नाहीच मुळी, त्याला सालीत रस. नागमोडी, पातळ, कडेला रंगाची रेघ असलेली साल एका दमात किती लांब निघते, हा त्याचा अभ्यासाचा विषय. मी समोर ‘अ’ काढून बसलेलो आणि हा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून शार्पनर फिरवतोय. बारा मिनिटांत नवी कोरी पेन्सिल माझ्या अंगठ्याएवढी झाली. ‘अ’ एकही नाही.

“बाबा, हे काळं म्हणजे शिसं ना?”

“नाही रे. ते ग्राफाइट. त्यात थोडी माती मिसळतात.”

“मग शिसपेन्सिल का म्हणतात?”

आता या प्रश्नाला उत्तर आहे. ग्राफाइट सापडलं तेव्हा लोकांना ते शिशाचाच एक प्रकार वाटलं, पुढे चूक कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. हे मी नीट समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुम्ही मोठी माणसं चूक कळल्यावर खोडत नाही का?” मी तोंड उघडेपर्यंत ऑफिसचा फोन वाजला. मला बरेचदा ऑफिसने वाचवलंय, हे इथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

मुलांना घरी का शिकवता, हा प्रश्न मात्र इथे नको. तो लोकांनी विचारून विचारून इतका गुळगुळीत झालाय की त्यावरून मीच घसरतो. विचारणाऱ्यांचे दोन तट आहेत. पहिल्यांना काळजी असते: मुलं चार माणसांत मिसळणार कशी? ही काळजी ते रस्त्यात थांबून व्यक्त करतात आणि तेवढ्यात माझा धाकटा त्यांच्या पिशवीत डोकावून आतल्या प्रत्येक वस्तूची चौकशी करत असतो. दुसऱ्यांना हेवा वाटतो. “मजा आहे बुवा तुमची! ना डबा, ना बस, ना गणवेश. घरूनच काम, घरीच शाळा. वेळच वेळ!”

वेळच वेळ. या दोन शब्दांवर मी रात्री भांडी लावताना पुष्कळ विचार केलाय.

तासाला साठ मिनिटं का, असं थोरलीने एकदा विचारलं होतं. थोरली नऊ वर्षांची. तिचे प्रश्न साधारणपणे मी शर्टाची बटणं लावत असताना येतात. साठाचा हिशेब बाबिलोनियाकडून आला आणि साठ ही मोठी सोयीची संख्या आहे, तिला एक ते सहा यांपैकी कशानेही भाग जातो, असं मी सांगितलं. तिने वहीत मांडून सगळे विभाजक शोधले. बारा निघाले. बाबिलोनियाचं कौतुक आहेच, पण माझ्या तासाला याहून जास्त जण भाग देतात. वॉशिंग मशीन देतं, दारावरची बेल देते, ऑफिसची ‘फक्त दोन मिनिटं’ देतात, धाकट्याची शू देते, आणि बाकी उरते ती मला रात्री साडेनऊनंतर मिळते.

याच चौकशीत आम्हाला फ्रान्सची गोष्ट सापडली. क्रांतीनंतर, १७९३ साली, त्या लोकांनी दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटं असं दशमान घड्याळ कायद्याने आणलं, आणि १७९५ मध्ये बासनात गुंडाळून ठेवलं. मला फार आधार वाटला. एका अख्ख्या देशाच्या वेळापत्रकाला जे दोन वर्षांत कळलं, ते माझ्या वेळापत्रकाला बारा मिनिटांत कळलं होतं. थोरलीने लगेच भागाकार केला: दिवसाची १४४० मिनिटं, भागिले दहा. “बाबा, म्हणजे त्यांचा गणिताचा तास १४४ मिनिटांचा? बरं झालं बंद पडलं.”

तर वेळापत्रक मोडल्यावर मी, या मार्गावरचे सगळेच जातात तसा, दुसऱ्या पंथात गेलो. त्या पंथाचं म्हणणं असं की वेगळी शाळा कशाला, घरातलं प्रत्येक काम हाच धडा. मुलं घरकाम करतील, शिकतीलही, आणि आपलं काम हलकं होईल. यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत.

मोज्यांचंच घ्या. धुतलेल्या मोज्यांचा ढीग पलंगावर होता. मी म्हटलं, चला, जोड्या लावू, गणित होईल. अंधारात खणात हात घातला आणि आत दोनच रंगांचे मोजे असले, तर हमखास एक जोडी मिळायला किती मोजे काढावे लागतील? थोरलीने दोन मिनिटांत सांगितलं, तीन. तीन मोजे आणि रंग दोनच, म्हणजे कुठले तरी दोन एका रंगाचे निघणारच. मला भरून आलं. मग तिने पुढची पायरी स्वतःच गाठली: तेवीस प्रकारचे मोजे असतील तर चोवीस काढावे लागतील. इथे मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, “करून बघ.” तिने डोळ्यांवर रुमाल बांधला, धाकट्याने मोजणी केली, एकेक मोजा जमिनीवर मांडत गेले. एकतीस मोजे निघाले. जोडी एकही नाही. “बाबा, म्हणजे आपल्या घरात कमीत कमी एकतीस प्रकारचे मोजे आहेत हे सिद्ध झालं,” ती म्हणाली. सिद्ध झालं खरं. बायको संध्याकाळी सातला आली तेव्हा एकतीस मोजे हॉलभर एका रांगेत पडलेले होते आणि मी त्यांच्या शेवटी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ती म्हणाली, “आणि जोड्या?” मी म्हटलं, “त्या गृहपाठाला दिल्यात.”

बायकोबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाटेल की सगळा गाडा मी एकटाच ओढतो. ती सकाळी साडेसातला कामावर जाते. भाषा, चित्रं, वाद्य आणि भांडणांचे निवाडे हे शनिवार-रविवारी तिच्याकडे. तिच्या तासाला मुलं पेन्सिल मोडत नाहीत. याचं कारण मी विचारलं होतं. ती म्हणाली, “मी त्यांना आधीच टोक केलेल्या चार पेन्सिली देते.” काही माणसं उपजतच शिक्षक असतात.

दुधाचं प्रकरण मोज्यांच्या पुढच्या आठवड्यातलं. दूध गॅसवर ठेवलं आणि ऑफिसचं एक पत्र धाडायचं राहिलं होतं म्हणून थोरलीला सांगितलं, “लक्ष ठेव.” आता मूल शाळेतलं असतं तर लक्ष ठेव म्हणजे उतू जायच्या आत गॅस बंद कर, हे त्याला समजलं असतं. पण हिला मी आदल्याच दिवशी प्रयोगाचे नियम शिकवले होते: निरीक्षकाने फक्त बघायचं आणि नोंद करायची, मध्ये हात घालायचा नाही. ती नोंदवही अजून माझ्याकडे आहे. जशीच्या तशी देतो.

‘४ मिनिटं: कडेला बारीक बुडबुडे. ५ मिनिटं ३० सेकंद: साय हलते आहे. ६ मिनिटं: साय फुगून वर येते आहे, वाफ खाली अडकली असावी. ६ मिनिटं १५ सेकंद: दूध बाहेर. ६ मिनिटं ४० सेकंद: बाबा आले. ओरडले.’

निष्कर्षही अचूक होता. पाण्याची वाफ बुडबुडे फुटून निघून जाते, पण दुधावर स्निग्धांश आणि प्रथिनं मिळून सायीचं झाकण धरतात, वाफ त्याला वर उचलते आणि सगळंच फसफसून बाहेर येतं. मी ओटा पुसत असताना ती हे मला समजावून सांगत होती. वर तिने एक शंका काढली की मी ओरडलो त्याचा दुधावर काही परिणाम झाला का. मी म्हटलं, नाही. तिने तेही लिहिलं.

इतकं होऊनही गणिताचा तास साडेदहालाच घ्यायचा, हा माझा हट्ट कायम होता. माणसाने निदान एका गोष्टीत तरी शिस्त पाळावी. पण मी तास ठरवल्यावर महिन्याभरात ऑफिसने रोजची मीटिंग अकरावरून साडेदहावर आणली. त्या दिवसापासून आमचं गणित कधी साडेअकराला, कधी दुपारी तीनला, कधी उद्या. धाकटा रोज सकाळी फ्रिजपाशी उभा राहून वेळापत्रकाकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. त्याला वाचता येत नाही, पण गणिताच्या चौकोनाचा हिरवा रंग ओळखता येतो आणि माझा चेहराही.

त्या मीटिंगमध्ये एकदा साहेबांनी विचारलं, “हे काम किती दिवसांत होईल?” मी म्हणालो, “दोन दिवस.” आवाज बंद करायचं बटण मी दाबलंय अशी माझी समजूत होती. मागून, गालिच्यावर पालथं पडून ग्रहांचा तक्ता रंगवणाऱ्या थोरलीचा आवाज आला, “पृथ्वीचे की शुक्राचे?”

पलीकडे शांतता. नऊ चेहरे नऊ चौकोनांत स्थिर. मग साहेब म्हणाले, “शुक्राचे म्हणजे?”

झालं. ती उठून कॅमेऱ्यासमोर आली, हातात पिवळा खडू. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फेरी मारायला सुमारे २२५. म्हणजे तिथे दिवस वर्षापेक्षा मोठा. दोन दिवस म्हणजे ४८६. साहेब म्हणाले, “तुझ्या बाबांची आत्ताची गती बघता तेच असावेत.” सगळे हसले. मीही हसलो, हसण्याचा पगार वेगळा मिळत नाही. मी वेळ मारून नेण्यासाठी म्हणालो की घर, ऑफिस आणि शाळा एका छताखाली आली की माणूस शुक्रावरच राहायला जातो, सोमवार संपतच नाही. विनोद बरा जमला होता. पण थोरलीने मान हलवली. “नाही बाबा, एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तिथे ११७च दिवस होतात, कारण तो उलटा फिरतो. तुझा सोमवार त्याहून आधी संपेल.” विद्यार्थ्याने गुरूला मागे टाकावं हे सगळं खरं, पण माझ्या वरिष्ठांसमोर नको होतं. तेव्हापासून ऑफिसात मुदत सांगितली की कुणीतरी विचारतंच, कुठल्या ग्रहाची.

आणि मग गेल्या आठवड्यात मी धाकट्याला घड्याळ शिकवायला घेतलं. पुठ्ठ्याची तबकडी, मधोमध टाचणी, दोन काटे. मोठा काटा त्याला पटला. छोट्या काट्याशी त्याचं जमेना, कारण साडेदहाला तो दहावरही नसतो आणि अकरावरही नसतो. “मग तो नक्की कुठे असतो?” मी म्हटलं, “वाटेत असतो.” हे त्याला फार आवडलं. दोन दिवस तो घरातल्या प्रत्येकाला विचारत होता, तू पोचलास की वाटेत आहेस. तिसऱ्या दिवशी त्याने तबकडीवर साडेदहा लावून दाखवले, आणि ती तबकडी घेऊन फ्रिजपाशी जाऊन हिरव्या चौकोनाशी धरली. घड्याळात एकाच दिवशी दोनदा साडेदहा वाजतात, हे सांगायचं मी उद्यावर ठेवलं.

त्या रात्री घर निजलं होतं. भांडी लावून झाली होती, मशीनचा शेवटचा फेरा चालू होता, आणि दोन दिवसांचं म्हणून सांगितलेलं ते काम, चौथ्या दिवशी, मी जेवणाच्या टेबलावर उरकत होतो. पावलं वाजली. धाकटा दारात उभा. दुपारी तक्त्यावरच झोपून गेला होता, त्यामुळे डोळे टक्क उघडे आणि गालावर अजून शुक्राचा पिवळा रंग. एका हातात गणिताची वही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. छोटा काटा वाटेत होता, मोठा बरोबर सहावर.

“बाबा, गणित.”

मी लॅपटॉपकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. सकाळ आणि रात्र, पूर्व आणि पश्चिम, पृथ्वीचं फिरणं, सगळं समजावून सांगायला निदान अर्धा तास गेला असता. लॅपटॉप मिटला. तो समोरच्या खुर्चीवर चढला, वही उघडली, पहिल्या ओळीवर हात फिरवून ती सपाट केली आणि खिशातून पेन्सिल काढली.

टोक नव्हतं.