मिलानचा भात आणि कटाचे पातेले

परदेशी पदार्थ घरी करताना मी एकच पथ्य पाळतो: सांगलीच्या बाजारात जे मिळत नाही, ते त्या पदार्थात पडणार नाही. हे पथ्य तत्त्वाचे कमी आणि खिशाचे अधिक आहे, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

या पथ्यापायी लेबनॉनकडच्या बाबा गनूशसाठी कृष्णाकाठचे वांगे भाजले गेले. त्यात लागणारी ताहिनी म्हणजे तीळ वाटून केलेले मऊसूत लोणी. पण तिळाला तेल सुटण्याच्या आतच आमचा मिक्सर तापून बंद पडला आणि हाती आली ती तिळाची चटणी. आईने भाकरीबरोबर ते सगळे संपवले आणि "भरीत बरं झालंय, पण तीळ संक्रांतीला ठेवायचेस" एवढेच सांगितले. पुढे थाई रश्शासाठी मी परसातला गवती चहा मुळासकट उपटला, कारण आपण चहात पाती टाकतो, तर थाई लोकांना बुडखा हवा असतो. त्या दिवसापासून आमच्या चहाला वास नाही. तरीही ही प्रकरणे किरकोळच म्हणायची.

खरा प्रसंग होळीचा. त्या दिवशी मी रिसोत्तो करायला घेतला. हा मिलानचा प्रसिद्ध भात केशराने पिवळा होतो; केशराचा भाव विचारून मी परत आलो आणि 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद चिमूटभर घेतली. आर्बोरिओ तांदळाच्या जागी चिकटपणात कमी न पडणारा इंद्रायणी होता. रिसोत्तोचा तांदूळ धुवायचा नसतो, कारण धुतल्यावर त्याचा पिठूळपणा पाण्याबरोबर वाहून जातो आणि भाताला साईसारखा दाटपणा येत नाही. हे शास्त्र मी सांगेपर्यंत सणाच्या दिवशी न धुतलेला तांदूळ लोण्यात परतताना आईने पाहिला होता आणि ती काही न बोलता बाहेर जाऊन बसली होती. आमच्या घरात न बोलणे हे बोलण्यापेक्षा वाईट.

आता त्यात पळीपळीने गरम स्टॉक घालत वीसेक मिनिटे ढवळत राहायचे होते. स्टॉक म्हणजे भाज्यांचे किंवा हाडांचे उकळलेले पाणी. ते माझ्याकडे नव्हते. ओट्यावर मात्र झाकून ठेवलेल्या पातेल्यात सोनेरी, किंचित दाट, वाफाळते पाणी आयतेच होते. मी एक पळी घातली, चव पाहिली, दुसरी घातली. भात असा काही खुलत गेला की पातेल्याचा तळ दिसेपर्यंत मी थांबलो नाही. शेवटी परमेजान चीजऐवजी मुलांच्या डब्यातले दोन चीज क्यूब किसून घातले.

एवढ्यात पत्नी आत आली. "अहो, इथला कट कुठं गेला?"

पुरणाची डाळ शिजवून काढलेला तो कट होता. कटाची आमटी व्हायची होती, नैवेद्य व्हायचा होता आणि मी त्याच पळीने सहा वेळा चव पाहिली होती.

त्या दुपारी देवाला पुरणपोळी दुधाबरोबर दाखवण्यात आली. रिसोत्तो पाहून आईने "आजारी कोण आहे?" असे विचारले, त्यावर लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी ओतली आणि मग मात्र दोनदा वाढून घेतला. मुलांनी बाबांच्या हातचा खिचडी-भात चांगला झाल्याचे सांगितले. मिलानचे नाव कोणीही काढले नाही.

पंधरा दिवसांनी पाडवा आला, पुन्हा पुरण शिजले. ओट्यावर पातेले नव्हते. शोधता शोधता ते देवघरात समईशेजारी झाकून ठेवलेले दिसले, आणि माझी आंघोळ अजून व्हायची होती.