बोअरचं खारं पाणी म्हणजे मलावी तलाव नव्हे राजेहो

आमच्या दर्यापूर भागात महिन्याभरापासून एक मेसेज फिरतोय. रिकाम्या खोलीत दहा टाक्या लावा, आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी तलावातले रंगीत शोभेचे मासे) सोडा, त्यांना खारं पाणी आवडतं म्हणून बोअरचं थेट चालतं, फिल्टर असला की पाणी बदलायचं काम नाही, कमी झालं की वरून भरा, आपल्याकडं गरमी म्हणून हीटर नको, अन पिल्लं विकून महिन्याला तीस हजार घरबसल्या. मला पाच जणांनी पाठवला, त्यातला एक माझा साळा, तो तर टाक्यांची ऑर्डर द्यायला अमरावतीला निघालाच होता. माझ्याकडं टिनाच्या खोलीत सहा वर्षांपासून सात टाक्या आहेत म्हणून लिहितो.

आधी पाणी. ही गोष्ट अर्धी खरी आहे म्हणूनच लोक फसतात. मलावीचं पाणी अल्कली आहे, पीएच ७.८ ते ८.६, पण ते खारट नाही ना भाऊ, टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) दोनशेच्या आसपास. आमच्या बोअरला मीटर लावला तर २१००! पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी, चहा केला तर खारट लागतो अन ओलित केलं तर जमीन टणक होते, कारण त्यात सोडियम. पीएचची पट्टी दोन्हीकडं जवळपास एकच रंग दाखवते अन माणूस म्हणतो जमलं.

मासे लगेच मरत नाहीत, तेही खरं. पण "वरून भरा" हा सल्ला इथं सगळ्यात वाईट, वाफ होऊन पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. दुसऱ्या वर्षी मी हेच केलं, एप्रिलच्या सुरुवातीला २१०० होतं ते मेच्या मध्यात ३२०० झालं, माद्या अंडी तोंडात धरायच्या (हे मासे अंडी तोंडातच उबवतात) अन तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंड रिकामं, मी आपला नराला शिव्या देत बसलो. आता टिनावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवतो, त्यात नळाचं पाणी (ड्रममध्ये एक दिवस एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा दगड, लावून, क्लोरीन जायला) मिसळतो अन पाणी अल्कली राहावं म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा. पिल्लं तेव्हापासून टिकायला लागली.

फिल्टरचं म्हणाल तर त्यातले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतल्या अमोनियाचा नायट्राइट अन मग नायट्रेट करतात, बस. नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय जात नाही, अन नवीन टाकीत ते बॅक्टेरिया बसायलाच चार-सहा आठवडे लागतात. वरून आपलं पाणी अल्कली, पीएच ७ ला अमोनियाचा एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो, ८.५ ला ३० डिग्रीत साधारण वीस टक्के. तीन बाय दीड बाय दीड फुटाची टाकी म्हणजे १९० लिटर, दहा टाक्यांचे १९००, आठवड्याला तीस टक्के बदललं तरी २०० लिटरचे जवळपास तीन ड्रम. मे महिन्यात नळ आठ दिवसाआड येतो तेव्हा हे पाणी कसं अन कुठून आणणार, ते मेसेजवाल्यानं सांगितलं नाही.

हीटर उन्हाळ्यात नको, बरोबर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहावर येतो तेव्हा? अन उन्हाळ्यात उलटा त्रास, टिनाखाली पाणी ३३ ला जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, नेमकी तेव्हाच लाईन जाते. कूलर, स्पंज फिल्टर अन बॅटरीवरचा एअर पंप, यातलं काहीच सोडता येत नाही.

अन तीस हजार! यलो लॅब या पिवळ्या मलावी सिक्लिडची एक मादी एका वेळी पंधरा-वीस पिल्लं देते, तीन आठवडे ती तोंडात धरते अन तोवर जवळपास उपाशीच राहते, मग तिला सावरायला वेळ द्या. पिल्लू विकायजोगं व्हायला तीन-चार महिने, तेवढे दिवस त्यांना वेगळी टाकी. दोन जाती एकत्र ठेवल्या की क्रॉस होतो अन तो माल जाणता माणूस घेत नाही. माझ्या सगळ्यात चांगल्या वर्षात खाद्य अन लाईटबिल काढून महिन्याला सरासरी चार हजार सुटले, त्यातही कूलरची मोटर धरलेली नाही.