‘घरच्या दुर्बिणीतून काढलेले ग्रहांचे फोटो बनावट’ म्हणे!

ठाण्यात घोडबंदर रोडच्या गच्चीवरून काढलेला गुरूचा फोटो भाचीने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि काकांनी लगेच त्याखाली सध्या फिरणारं ते फॉरवर्ड चिकटवलं. त्यात लिहिलंय की शहरातून ताराच दिसत नाही तर ग्रह कुठून दिसणार, हजारो फोटो मिसळून कॉम्प्युटर चित्र तयार करतो, रंग मागाहून भरतात, आणि हल्ली तर सगळं एआयच. पोरगी हिरमुसली, माझं डोकं फिरलं.

तारे दिसत नाहीत, खरंय. पण गुरू आणि शुक्र माजिवड्याच्या फ्लायओव्हरवर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावरही दिसतात, एवढे ठळक असतात. शहराच्या उजेडाने बोंब होते ती तेजोमेघांची, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या अंधुक ढगांची.

आता ते ‘हजारो फोटो मिसळतात’. हो, मिसळतात! लपवलंय कोणी? दुर्बिणीत गुरू सतत थरथरत असतो, कारण मधली हवा हलते, त्यात आपला गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला. म्हणून एकदोन मिनिटांचा व्हिडिओ घेतात, हवा क्षणभर शांत असतानाच्या फ्रेम्स सॉफ्टवेअर निवडतं आणि एकावर एक बसवून सरासरी काढतं. नॉइज, म्हणजे कॅमेऱ्याचे खोटे ठिपके, दर फ्रेमला वेगळा, तो सरासरीत मरतो, गुरूचे पट्टे दर फ्रेममध्ये तिथेच, ते उरतात. जास्त वेळ रेकॉर्डिंग केलं तर उलट फोटो बिघडतो, कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि बारकावे सरकतात.

19 जुलै 2009 ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी माणसाला घरच्या दुर्बिणीतून गुरूचे फोटो काढताना दक्षिण ध्रुवाजवळ नवा काळा डाग दिसला. त्याने कळवल्यावर नासाच्या हवाईतल्या दुर्बिणीने तो तपासला, 23 जुलैला अवकाशातल्या हबल दुर्बिणीनेही टिपला. गुरूवर काहीतरी आदळलं होतं. घरचे फोटो बनावट, तर तोच डाग हबलला कसा दिसला बुवा?

रंगांबद्दल थोडं कबूल. काही जण सॅच्युरेशन भडक करतात, शार्पनिंग इतकं ताणतात की मंगळाच्या कडेला नसलेली रेघ उमटते. त्यांना खुशाल झापा.

राहिलं एआय. बनवता येतं, नाही कोण म्हणतं? पण फोटोची तारीख-वेळ विचारा, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि गुरूचे चार मोठे चंद्र तेव्हा कुठे होते ते बघा. फोटोतले चंद्र भलतीकडेच निघाले, तर मग टाका फॉरवर्ड.