‘मिरर असताना बॅकअप कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरच्या सर्व्हरमधल्या 4 टीबीच्या दोन डिस्क बदलून 8 टीबीच्या घालण्याविषयी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी जोडी) असताना वेगळा बॅकअप म्हणजे वाचकाला खर्चात पाडणं, जुनी डिस्क काढून तिथेच नवी घालता येत असताना नवी डिस्क जास्तीची जोडण्यासाठी तिसऱ्या पोर्टची खटपट फुकटची, आणि सर्व्हर म्हणून वापरलेला जुना ऑफिस डेस्कटॉप वीज खातो.

विजेचा मुद्दा रास्त आहे. सतत 35 वॅट घेणारं मशीन महिन्याला साधारण 25 युनिट जाळतं. नुसत्या जाहिराती अडवायच्या आणि चार फाइली ठेवायच्या असतील तर रास्पबेरी पाय हा कमी वीज खाणारा छोटा संगणक घ्याच. पण 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणजे वेगळा डॉक आणि वेगळा अ‍ॅडॅप्टर आलाच.

तिसरं पोर्ट मात्र सोडू नका. एक डिस्क काढलीत की सगळा डेटा उरलेल्या एकाच जुन्या डिस्कवर येतो, आणि नेमकं तेव्हाच रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर प्रत बनवण्याचं काम) तिच्यावरचा सगळा डेटा वाचून काढतो. त्यात एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर झेडएफएसला (मिरर सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिमला) चेकसममुळे (डेटासोबत साठवलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे) चूक कळते, पण दुरुस्तीसाठी दुसरी प्रत कुठे आहे? ती फाइल गेली. नवी डिस्क आधी ‘अटॅच’ करून रिसिल्व्हर पूर्ण झाल्यावरच जुनी ‘डिटॅच’ केली, तर दोन प्रती कायम राहतात. डिस्कची ओळख ‘बाय-आयडी’ नावाने (ज्यात डिस्कचा सिरियल क्रमांक असतो) द्या, लिनक्सने दिलेली एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. दोन्ही जुन्या निघेपर्यंत जागा वाढलेली दिसणार नाही, आणि ‘ऑटोएक्स्पांड’ (जागा आपोआप वाढवणारी सेटिंग) चालू नसेल तर त्यानंतरही नाही.

पोर्टसाठी खर्च नाही, डीव्हीडी ड्राइव्हचं सॅटा (डिस्क जोडायचं) पोर्ट वापरा. पॉवरसाठी मोलेक्स-सॅटा (जुन्या पद्धतीच्या पॉवर प्लगला सॅटा प्लग जोडणारा) अ‍ॅडॅप्टर लागलाच तर ज्यात तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात तो घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून कनेक्टर जळतो. नवी डिस्क फिरतच नसेल तर लगेच खराब ठरवू नका. काही डिस्क पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट आले की बंदच राहतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपची) बारीक पट्टी लावली की चालू होतात.

डिस्क सीएमआरच (जिच्यात डेटाचे ट्रॅक एकमेकांवर चढत नाहीत अशी) घ्या. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवणाऱ्या) असल्याचं 2020 मध्ये उघड झालं होतं. अशा डिस्कवर रिसिल्व्हर अतोनात रखडतो.

आता बॅकअपचा खर्च. मिरर एक डिस्क मेली तर वाचवतो, तेवढंच. उडवलेला फोल्डर स्नॅपशॉटमधून (झेडएफएसने जपलेल्या आधीच्या स्थितीतून) परत मिळेल, पण एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जाताना दोन्ही डिस्क घेऊन गेला तर स्नॅपशॉटही गेले. आणि या अपग्रेडमधून 4 टीबीच्या दोन डिस्क तुमच्या हातात मोकळ्या उरतातच! स्मार्ट तपासणीत (डिस्कने स्वतः ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदीत) 5, 197 आणि 198 या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचे कच्चे आकडे शून्य असतील तर त्यातल्या एकीवर स्वतंत्र पूल (झेडएफएसची साठवण) बनवा आणि झेडएफएसच्याच ‘सेंड-रिसीव्ह’ने स्नॅपशॉट पाठवा. 199 या ओळीचा आकडा वाढलेला असेल तर बहुतेक दोष केबलचा असतो. डेटा 4 टीबीच्या आत आहे तोवर एक पैसाही नवा लागत नाही. पुढच्या खेपांना फक्त बदललेला भाग जातो, त्यामुळे वेळही थोडा लागतो. डिस्क दुसऱ्या घरी ठेवायला नेण्याआधी तिच्यावर स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालवा, पूल ‘एक्स्पोर्ट’ (व्यवस्थित बंद) करा, मगच केबल काढा.