लोकरीचे पैसे देईन

बटाटेवड्यातली हळद साबण लागला की लाल होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मजा वाटली होती. गेल्या शनिवारी रात्री भाचीच्या बाथरूममध्ये, बाळाच्या सायीच्या रंगाच्या ब्लँकेटवर तोच प्रयोग पुन्हा पार पडला. या वेळी नाही वाटली. एका रांगेत एकोणीस लाल ठिपके. मोजलेले आहेत. मी नाही मोजले, गाडीत समोर बसलेल्या काकांनी मोजले.

ब्लँकेट मी विणलेलं. चार मिलिमीटरची क्रोशाची सुई, सहाशे ग्रॅम लोकर (लोकर म्हणायची, असतं ॲक्रिलिकच) आणि अडीच महिने. साधी वीण नको, हाताला काहीतरी लागलं पाहिजे, अशी हौस. म्हणून बॉबल. एकाच घरात पाच खांब (म्हणजे उंच टाके) अर्धवट विणून ठेवायचे, सुईवर गर्दी झाली की सगळे एकदम बंद करायचे. टुमकन एक गोळा वर येतो. वर म्हणजे पलीकडे. तुम्ही विणताना तो तुम्हाला पाठ दाखवून बाहेर येतो, त्यामुळे बॉबलची ओळ कायम उलट्या बाजूने विणावी लागते. आपल्या कष्टाचं फळ आपल्याला न दिसता समोरच्याला दिसतं. बायकांच्या कामांपैकी हे एकटंच तसं आहे असं नाही, पण ते जाऊ दे.

त्यातून नमुना इंग्रजीत. अमेरिकेतले लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब. इंग्लंडमधले लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका. नाव एकच, टाके दोन, आणि नमुना कुठल्या देशाचा हे कोपऱ्यात बारीक अक्षरात. हे मला बाविसाव्या ओळीला कळलं. बावीस ओळी उसवल्या. आमच्या आजीने कागदावर काढलेल्या उभ्या-आडव्या रेघांवरून अख्खा टेबलक्लॉथ विणला होता. तिला कुठल्याच देशाने फसवलं नाही.

तर शनिवारी संध्याकाळी पुण्याची गाडी, दुसऱ्या दिवशी बारसं, आणि फक्त काठ राहिलेला. कल्याण सुटलं आणि समोरचे काका म्हणाले, "स्वेटर का?"

"बाळाचं ब्लँकेट."

"मशीनवर का नाही करत?"

मी सांगितलं की क्रोशाचं मशीन नसतं. दोन सुयांच्या विणकामाचं मशीन इंग्लंडमध्ये 1589 सालीच निघालं, पण क्रोशे अजून हातानेच करावं लागतं. बाजारात दिसतं ते तसं दिसणारं काहीतरी वेगळं असतं. काका हसले. पिंपरीतल्या एका कंपनीत पस्तीस वर्षं टाइम-स्टडीत, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजण्यात, काढलेल्या माणसाचं हसू होतं ते. "मशीन नाही असं काही नसतं, ताई." त्यांनी मोबाइल काढून शोधायला सुरुवात केली. आता विषय बदलायला हवा म्हणून मी म्हटलं, आपल्याकडे चेन्नईत 2016 साली बायकांनी मिळून क्रोशाचं तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं ब्लँकेट केलं, 11,148.5 चौरस मीटरचं, गिनेसमध्ये नोंद झाली.

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले. डोळे उघडले.

"पावणेतीन एकर. एन.ए. आहे का?"

कर्जतला गाडी थांबली. घाटासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लागेपर्यंत काका खाली उतरून वडे घेऊन आले. मला एक देऊ केला. माझे हात विणकामात आहेत, खाणाऱ्याचे हात वेगळे आणि विणणाऱ्याचे वेगळे, हे मी नको म्हणताना पुरेसं सुचवलं असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही वडे खाल्ले, बोटं कागदाला पुसली, म्हणजे तेल इकडून तिकडे केलं, आणि खिशातून छोटी वही काढली. वहीला रबरबँड होता.

"एका ओळीत टाके किती?"

"एकशे वीस."

"ओळी?"

"एकशे साठ."

"आता तुम्ही विणा. मी एक मिनिट लावतो."

आणि मी विणलं! या गोष्टीचा मला अजून राग आहे. कुणी घड्याळ धरलं की आपण धावायला का लागतो? मिनिटात पंधरा मुके खांब झाले. "दमलात," काका म्हणाले, "पण सरासरी धरायला ठीक आहे." एकोणीस हजार दोनशे टाके, म्हणजे एकवीस तास वीस मिनिटं. आठशे बॉबल, प्रत्येकी पंधरा सेकंद जादा, तीन तास वीस मिनिटं. एकूण चोवीस तास चाळीस मिनिटं.

"उसवलेल्या बावीस ओळी धरा," मी म्हटलं.

"रिवर्क गिऱ्हाईक देत नाही."

"अहो, मला अडीच महिने लागले."

"तो तुमचा आयडल टाइम."

माझा आयडल टाइम म्हणजे दोन वेळचा स्वयंपाक, नोकरी आणि सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बोगदा आला म्हणून बोलले नाही. ताशी शंभर रुपये धरून दोन हजार चारशे सदुसष्ट, लोकरीचे सातशे वीस, बेरीज तीन हजार एकशे सत्त्याऐंशी. "बाजारात तीनशेला मिळतं. म्हणजे तुम्ही बाळाला अठ्ठावीसशे सत्त्याऐंशी रुपयांचं नुकसान भेट देताय." त्यांनी ते पान टरकन फाडून मला दिलं. "ठेवा. हिशोब असावा माणसाकडे."

मग म्हणाले, "बघू," आणि ब्लँकेटचं टोक हातात घेतलं. आठशे बॉबल हा आकडा मी सांगितलेला होता, त्यांनी पडताळलेला नव्हता. त्यांनी एक ओळ निवडली आणि जपमाळ ओढावी तसं तर्जनीने एकेका बॉबलवर टेकत मोजायला लागले. एक. दोन. तीन. मी "अहो, हात..." म्हणेपर्यंत सात झाले होते, आणि मोजणाऱ्याला मध्येच थांबवलं तर तो पहिल्यापासून सुरू करतो हे मला घरच्या अनुभवाने माहीत आहे.

"एकोणीस."

"वीस आहेत."

"एकोणीस आहेत. ही बघा, इथे जागा सोडलीय."

सोडली होती. खालून सातवी बॉबलची ओळ. वर एकशे बत्तीस ओळी चढून गेल्या होत्या. अडीच महिन्यांत मला, माझ्या नवऱ्याला, कौतुकाला आलेल्या शेजारणींना, कुणाला दिसलं नव्हतं. या माणसाला लोणावळ्याच्या आत दिसलं.

शिवाजीनगरला उतरताना काका एकदम मऊ झाले. "सुनेला ऑगस्टमधली तारीख दिलीय. असंच एक करून द्याल का?" आणि मी काही बोलायच्या आत, हात वर करून, उदारपणे: "फुकट नको हां. लोकरीचे पैसे देईन." नंबर मी दिला. नाही म्हणता येत नाही हा आजार आहे, त्यावर टाइम-स्टडी कुणी केलेली नाही.

बारशाला सगळे छान म्हणाले. बघणाऱ्या प्रत्येकाला मी आपणहून सांगत होते, "इथे एक बॉबल राहिलंय." कुणी विचारलं नव्हतं. डागांबद्दल मात्र एका आत्याबाईंनी विचारलं, "ही लाल टिकल्यांची डिझाइन मुद्दाम का?" मी हो म्हटलं. भाची म्हणाली, मावशी, अप्रतिम आहे, पण डॉक्टरांनी सांगितलंय, पहिलं वर्षभर झोपताना पाळण्यात सुटं पांघरूण नको. ते खरंच आहे, वाद घालण्यात अर्थ नाही. पाळण्याच्या कठड्यावर घालून फोटो काढले आणि घडी कपाटात गेली. उन्हात टाक म्हणून सांगून आलेय, हळद उन्हाने उडते. तेल कशाने उडतं, बघू.

मंगळवारी मेसेज आला. "नमस्कार ताई. ओळखलंत का? रंग मोरपंखी चालेल. ओळीला वीस बघून घ्या."

मी पर्समधून त्यांचंच पान काढलं, चुरगळलेलं सरळ केलं, फोटो काढला आणि पाठवला. तीन हजार एकशे सत्त्याऐंशी, खाली त्यांच्याच हातच्या दोन रेघा. खाली लिहिलं, रिवर्क धरलेलं नाही.

दोन निळ्या टिका लगेच आल्या. आज शुक्रवार.